जुळलेली मोजणी बरोबर असतेच असं नाही: सर्व्हेचं प्रॅक्टिकल, पायरी पायरीने

सर्व्हे कॅम्पच्या तिसऱ्या दिवशी आमच्या गटाची लेव्हलिंगची, म्हणजे बिंदूंच्या पातळ्या मोजण्याची, फेरी २ मिलिमीटरमध्ये बंद झाली: निघालो त्याच बिंदूवर परत आलो तेव्हा तेवढाच फरक उरला. आम्ही खूश. संध्याकाळी शेजारच्या गटाशी आकडे ताडून पाहिले, तर एका खड्ड्याच्या तळाची आमची पातळी त्यांच्यापेक्षा ४० मिलिमीटरने खाली. भांडण झालं, पुन्हा जाऊन बघितलं. चूक आमची निघाली. खड्ड्यात स्टाफ, म्हणजे आकडे लिहिलेली सरकती उभी पट्टी, पूर्ण उंचीला ओढावा लागला होता आणि वरचा भाग खटक्यात बसलाच नव्हता. तो ४० मिलिमीटर खाली राहिला, म्हणून रीडिंग तेवढंच जास्त आलं. आणि फेरी तरीही बंद झाली, कारण ते रीडिंग इंटरमिजिएट, म्हणजे वाटेत घेतलेलं मधलं, होतं आणि फेरीच्या बेरजेत ते येतच नाही.

अभ्यासक्रमात टेप, कंपास, लेव्हल, थिओडोलाइट (कोन मोजणारं), टोटल स्टेशन (कोन आणि अंतर दोन्ही मोजणारं) असे वेगवेगळे धडे असतात आणि प्रत्येकाच्या शेवटी एक तपासणी असते. ती कुठल्या चुका पकडते ते पाठ होतं. कुठल्या चुका तिला दिसतच नाहीत हे मात्र सहसा कुणी सांगत नाही, म्हणून पुढे पद्धतींबरोबर तेही सांगत जाणार आहे.

जागेवर पोचल्यावर पहिला अर्धा तास

इन्स्ट्रुमेंट पेटीतच राहू द्या. आधी जागेभोवती चालून या. कुठून कुठलं दिसतं, कुठे झाड आड येतं, कुठली जमीन पाय ठेवला की दबते, हे बघा. मग फील्ड बुकात हातानेच एक कच्चा नकाशा काढा. त्याला प्रमाण नको, पण उत्तर दिशा, स्टेशनांची (जिथून मोजायचं त्या बिंदूंची) नावं आणि ठळक वस्तू हव्यात.

स्टेशन निवडताना दोन जुने नियम लक्षात ठेवायचे. पहिला, पूर्णाकडून भागाकडे जायचं. आधी सगळ्या जागेला वेढणारे मोजके बिंदू काटेकोरपणे पक्के करायचे आणि बारीकसारीक तपशील त्यांच्या आधाराने घ्यायचा. उलट गेलात तर छोट्या तुकड्यातली चूक पुढच्या तुकड्यात वाढत जाते. दुसरा, कुठलाही नवा बिंदू ठरवायला किमान दोन मापं लागतात, आणि तपासायला तिसरं. त्या तिसऱ्या मापाचा सगळ्यांनाच कंटाळा असतो.

फील्ड बुकात आकडा कधीही खोडरबराने पुसू नका. चुकला तर एक रेघ मारा, वर नवा लिहा. पुसलेला आकडा परत वाचता येत नाही, आणि बऱ्याचदा पहिला आकडाच बरोबर होता असं रात्री कळतं. रीडिंग ऐकणाऱ्याने लिहिताना मोठ्याने परत म्हणायचं. वाचणाऱ्याने ते ऐकून होकार द्यायचा.

टेप: सोपं दिसतं म्हणून फसवतं

साखळी आता प्रयोगशाळेच्या भिंतीवरच जास्त दिसते. ३० मीटरच्या साखळीत १५० कड्या, प्रत्येक कडी २० सेंटिमीटर. त्याही आधीची गंटरची साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची. तिच्या १० चौरस साखळ्या म्हणजे बरोबर एक एकर, म्हणून ती इतकी वर्षं टिकली. परीक्षेपुरतं एवढं पुरे. हातात येणार आहे तो पोलादी किंवा फायबरचा टेप.

दोन टोकांना रेंजिंग रॉड उभे करा. एकाच्या मागे एक-दोन मीटरवर उभं राहून मधला रॉड डावीकडे-उजवीकडे सरकवायला सांगा आणि तिन्ही रॉड बुडाशी एका रेषेत आणा. बुडाशी म्हणतोय, कारण वरून बघितलं तर कलता रॉडही सरळ रेषेत वाटतो. मग टेप ताणून धरा आणि अंतर जाताना एकदा, येताना एकदा मोजा.

आता चुकांचे आकडे बघा. ३० मीटरच्या टेपाची दोन टोकं १ मीटर वर-खाली असतील आणि तुम्ही तेच आडवं अंतर धरलंत, तर साधारण १७ मिलिमीटर जास्त मोजलेत. उंचीच्या फरकाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट, इतकं सोपं सूत्र आहे. पोलादी टेप ठरावीक तापमानापेक्षा १५ अंशांनी तापला तर ३० मीटरमागे सुमारे ५ मिलिमीटर लांबतो. ५ न्यूटन वजनाचा ३० मीटरचा टेप दोन टोकांना हवेत धरून ५० न्यूटनने ताणला, तर झोळामुळे साडेबारा मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे ज्या तापमानावर सगळे गणितं घालतात त्याच्यापेक्षा उतार आणि झोळ जास्त त्रास देतात.

जाऊन-येऊन मोजल्याने काय कळतं? टेपाची एखादी लांबी मोजायला विसरलात, ६ चा ९ वाचलात, तर कळतं. टेपच २ सेंटिमीटर लांब असेल तर काहीच कळत नाही, दोन्ही वेळा तीच चूक येते. त्यासाठी टेप एखाद्या प्रमाणित टेपाशी जुळवून बघावा लागतो. तुटलेला टेप पुन्हा जोडून वापरात असेल तर हे आधी करा.

लेव्हलिंग

इथे जरा जास्त वेळ थांबू, कारण बांधकामावर रोज लागणारी पद्धत हीच आहे.

ट्रायपॉडचे पाय अशा उंचीला लावा की वाकायला लागणार नाही आणि टाचा उंचवायला लागणार नाहीत. उतारावर दोन पाय खालच्या बाजूला, एक वर. पाय रोवून माथा डोळ्यांनीच सपाट करून घ्या. मग इन्स्ट्रुमेंट बसवा. बुडाशी असलेल्या ‘फूट स्क्रूं’पैकी दोन एकाच वेळी, दोन्ही अंगठे आत किंवा दोन्ही बाहेर, असे फिरवा. बुडबुडा डाव्या अंगठ्याच्या दिशेने जातो. मग फक्त तिसरा स्क्रू. बुडबुडा मध्यात आला की ऑटो लेव्हलचा कॉम्पेन्सेटर उरलेलं काम करतो. तो अडकला नाही ना हे बघायला ट्रायपॉडच्या पायाला हलकी टिचकी मारा. दुर्बिणीतलं चित्र हलून पुन्हा त्याच जागी यायला हवं.

फोकस दोनदा करायचा असतो. आधी दुर्बिणीपुढे पांढरा कागद धरून आयपीस फिरवा, आडवी-उभी तार काळीभोर दिसेपर्यंत. मग स्टाफवर फोकस करा आणि डोळा किंचित वर-खाली हलवून बघा. तार स्टाफवर सरकताना दिसली तर पॅरालॅक्स आहे, पुन्हा आयपीसपासून सुरुवात. नव्या मुलांच्या रीडिंगमध्ये दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

स्टाफ धरणारा हा गटातला बिनमहत्त्वाचा माणूस नव्हे. स्टाफ जरा जरी कलला तरी रीडिंग वाढतं. स्टाफवर गोल बुडबुडा नसेल तर तो हळू पुढे-मागे झुलवायला सांगा आणि सर्वात कमी रीडिंग घ्या.

आणि तिन्ही तारा वाचा. वरची १.६७२, खालची १.१७८, तर दोघींची सरासरी १.४२५, आणि मधली तारही १.४२५ असायला हवी. वरून खालची वजा करून १०० ने गुणलं की अंतर मिळतं, इथे ४९.४ मीटर. दहा सेकंदांचं काम आहे, आणि एकच रीडिंग स्वतःची साक्ष स्वतः देण्याची ही एवढीच संधी.

आता एक छोटी फेरी. बेंचमार्कची, म्हणजे आधाराच्या माहितीच्या बिंदूची, पातळी १००.००० मीटर.

पहिली मांडणी: बेंचमार्कवर बॅकसाइट (मांडणीतलं पहिलं रीडिंग) १.४२५, म्हणून इन्स्ट्रुमेंटची उंची, म्हणजे दृष्टिरेषेची पातळी, १०१.४२५. दोन इंटरमिजिएट, १.८६० आणि २.२१५. त्यांच्या पातळ्या ९९.५६५ आणि ९९.२१०. पहिल्या चेंज पॉइंटवर (इथे स्टाफ ठेवून इन्स्ट्रुमेंट पुढे हलवतात) फोरसाइट, म्हणजे मांडणीतलं शेवटचं रीडिंग, ०.९८५, पातळी १००.४४०.

दुसरी मांडणी: त्याच चेंज पॉइंटवर बॅकसाइट १.७४०, उंची १०२.१८०. एक इंटरमिजिएट १.३०५, पातळी १००.८७५. दुसऱ्या चेंज पॉइंटवर फोरसाइट ०.६२०, पातळी १०१.५६०.

तिसरी मांडणी: बॅकसाइट ०.८१५, उंची १०२.३७५. परत मूळ बेंचमार्कवर फोरसाइट २.३६९, पातळी १००.००६.

बॅकसाइटची बेरीज ३.९८०, फोरसाइटची ३.९७४, फरक ०.००६. शेवटच्या पातळीतून पहिली वजा केली तरी ०.००६. म्हणजे बेरीज-वजाबाकी बरोबर. बस्स, एवढंच. ही तपासणी तुमच्या गणिताची आहे, मोजणीची नाही.

मोजणीची तपासणी म्हणजे तो ६ मिलिमीटर. फेरीची लांबी ४०० मीटर धरू. १२ गुणिले किलोमीटरमधल्या अंतराचं वर्गमूळ ही नेहमीची मर्यादा लावली तर सुमारे ७.६ मिलिमीटर चालतात, म्हणजे आपण आत आहोत. दर मांडणीला २ मिलिमीटर वजा करा: पहिला चेंज पॉइंट १००.४३८, दुसरा १०१.५५६, बेंचमार्क १००.०००.

आणि ते तीन इंटरमिजिएट? त्यांच्या बाजूने बोलणारं कुणीच नाही. २.२१५ च्या जागी २.५१५ लिहिलं असतं तरी फेरी तशीच ६ मिलिमीटरमध्ये बंद झाली असती. राइज अँड फॉल पद्धतीत, म्हणजे लागोपाठच्या रीडिंगांतून चढ-उतार काढण्याच्या पद्धतीत, इंटरमिजिएटचं गणित तपासलं जातं म्हणून परीक्षेत तिचं कौतुक असतं. ते खरंच आहे, पण रीडिंगच चुकीचं असेल तर तिलाही कळत नाही. म्हणून महत्त्वाचा बिंदू, पायाची पातळी, पाइपचा तळ, असा इंटरमिजिएट कधीच ठेवू नका. त्याला चेंज पॉइंट करा, नाहीतर इन्स्ट्रुमेंट हलवून दुसऱ्या मांडणीतून पुन्हा वाचा.

लेव्हलची दृष्टिरेषा खरोखर आडवी आहे का, हे दोन खुंट्यांच्या चाचणीने बघतात. ६० मीटरवर दोन खुंट्या ठोका. लेव्हल बरोबर मध्ये लावून दोन्ही वाचा: १.४५२ आणि १.६८७, फरक ०.२३५. रेषा तिरकी असली तरी दोन्हीकडे सारखीच चूक येते, म्हणून हा फरक खरा. आता लेव्हल पहिल्या खुंटीला चिकटून लावा. जवळचं रीडिंग १.५१०, तर लांबचं १.७४५ यायला हवं. आलं १.७५७. रेषा ६० मीटरला १२ मिलिमीटर वर चढते आहे, हे इन्स्ट्रुमेंट दुरुस्तीला द्यायचं. दुरुस्ती होईपर्यंत काम थांबवायचं कारण नाही, बॅकसाइट आणि फोरसाइटची अंतरं सारखी ठेवा. पृथ्वीची वक्रता आणि प्रकाशाचं वाकणंही त्यातच निघून जातं. तसंही १०० मीटरला ते दोन्ही मिळून एक मिलिमीटरसुद्धा भरत नाहीत.

कंपास आणि प्लेन टेबल, थोडक्यात

प्रिझमॅटिक कंपासचं मर्म एकाच वाक्यात येतं: रेषेचं पुढचं आणि मागचं बेअरिंग (उत्तरेपासून मोजलेला कोन) यांत बरोबर १८० अंशांचा फरक नसेल, तर दोनपैकी निदान एका टोकाला लोखंड आहे. खिशातल्या किल्ल्या, गाडी, विजेची तार, काहीही. ज्या रेषेचा फरक नेमका १८० आला तिची दोन्ही टोकं निर्दोष धरायची आणि तिथून बाकीची दुरुस्त करत जायचं. कंपासचा खरा उपयोग आज रानात वाट शोधायला आणि तोंडी परीक्षेला.

प्लेन टेबलची गंमत वेगळी. कागद जागेवरच असतो, नकाशा जागेवरच उमटतो, त्यामुळे एखादी विहीर राहिली तर समोर दिसते. फलक लावा, समपातळीत आणा, मागच्या स्टेशनकडे अॅलिडेड (रोखायची पट्टी) धरून ओरिएंट करा, मग किरण काढा. दोन स्टेशनांवरून काढलेले किरण जिथे छेदतात तो बिंदू. तिसऱ्या स्टेशनावरून किरण काढला आणि तो त्याच छेदातून गेला नाही, तर चुकीचा त्रिकोण कागदावरच दिसतो. चूक इतकी उघडपणे दाखवणारी दुसरी पद्धत नाही, आणि मला वाटतं ती अभ्यासक्रमात राहावी ती एवढ्यासाठीच.

ट्रॅव्हर्स: कोन, बाजू आणि बंद होणारी आकृती

ट्रॅव्हर्स म्हणजे एकापुढे एक स्टेशनं जोडत जाणाऱ्या रेषांची मालिका. थिओडोलाइट असो वा टोटल स्टेशन, पहिली परीक्षा सेंटरिंगची, म्हणजे इन्स्ट्रुमेंट नेमकं बिंदूवर आणण्याची. ट्रायपॉड खुंटीवर साधारण बसवा, ऑप्टिकल किंवा लेझर प्लमेट (इन्स्ट्रुमेंटच्या बरोबर खालचा बिंदू दाखवणारं साधन) खुंटीवरच्या खिळ्यावर आणा, पायांची लांबी कमी-जास्त करून गोल बुडबुडा मध्यात घ्या, फूट स्क्रूंनी लांब बुडबुडा बारीक करा. प्लमेट थोडा सरकलेला असेल. माथ्याचा स्क्रू सैल करून इन्स्ट्रुमेंट न फिरवता सरकवा, पुन्हा बुडबुडा बघा. दोन्ही एकदम जमेपर्यंत हेच.

एवढी कटकट कशासाठी? ५ मिलिमीटर बाजूला सरकलेलं इन्स्ट्रुमेंट ५० मीटरच्या दृष्टिरेषेत सुमारे २० सेकंदांची (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक सेकंद) चूक घालू शकतं. २० मीटरच्या रेषेत तीच ५० सेकंदांच्या वर जाते. म्हणजे महागडं इन्स्ट्रुमेंट घेऊन आखूड बाजूंचा ट्रॅव्हर्स केला, तर अचूकता खिळ्यावरच सांडते. बाजू शक्यतो लांब ठेवा, आणि शेजारच्या बाजूंच्या लांबीत फार तफावत नको.

प्रत्येक कोन फेस लेफ्ट आणि फेस राइट, म्हणजे दुर्बीण उलटवून दोन्ही बाजूंनी, असा दोनदा घ्या आणि सरासरी काढा. त्याने दृष्टिरेषेची आणि आडव्या अक्षाची चूक कटते. उभा अक्षच कलला असेल तर मात्र सरासरीने काही होत नाही, दोन्ही फेसमध्ये तो तेवढाच आणि त्याच बाजूला कललेला असतो. त्याला उपाय बुडबुड्याचाच.

आता एक चौकोनी ट्रॅव्हर्स पूर्ण सोडवू. आतले कोन: अ ८८°१२′२०″, ब ९६°४१′४०″, क ८२°३३′००″, ड ९२°३३′४०″. बेरीज ३६०°००′४०″. चौकोनाची ३६० अंश हवी, म्हणजे ४० सेकंद जास्त. २० सेकंद वाचणाऱ्या इन्स्ट्रुमेंटला चार कोनांसाठी २० गुणिले चारचं वर्गमूळ, म्हणजे ४० सेकंद चालतात. अगदी काठावर, पण आत. प्रत्येकातून १० सेकंद वजा करा. मोठ्या कोनाला जास्त वजावट द्यायची नाही, कारण कोन वाचण्यातली चूक त्याच्या आकारावर अवलंबून नसते.

अब चं बेअरिंग ४५°००′००″ धरू. अ, ब, क, ड या क्रमाने घड्याळाच्या दिशेने जाताना मागच्या बेअरिंगमध्ये १८० मिळवून आतला कोन वजा करायचा. बक १२८°१८′३०″, कड २२५°४५′४०″, डअ ३१३°१२′१०″. शेवटचं पाऊल विसरू नका: अ चा कोन लावून परत ४५°००′००″ यायलाच हवेत. इथे येतात.

बाजू: अब १२०.००, बक ९५.००, कड १२८.१६, डअ ९२.६७ मीटर. एकूण ४३५.८३. लांबी गुणिले बेअरिंगचा कोसाइन म्हणजे लॅटिट्यूड (उत्तरेकडे किती), गुणिले साइन म्हणजे डिपार्चर (पूर्वेकडे किती).

अब: +८४.८५३, +८४.८५३
बक: −५८.८९०, +७४.५४५
कड: −८९.४११, −९१.८१९
डअ: +६३.४४०, −६७.५५०

बेरजा −०.००८ आणि +०.०२९. दोन्ही शून्य यायला हव्या होत्या. क्लोजिंग एरर ०.०३० मीटर, परिमितीच्या मानाने साधारण १४,५०० त १. साध्या कामाला उत्तम.

बाउडिचच्या नियमाने ही चूक बाजूंच्या लांबीच्या प्रमाणात वाटा. डिपार्चरमधून अनुक्रमे ८, ६, ९, ६ मिलिमीटर वजा, आणि लॅटिट्यूडला प्रत्येकी २ मिलिमीटर अधिक. अ ला उत्तर १०००.०००, पूर्व १०००.००० दिलं, तर ब १०८४.८५५, १०८४.८४५, क १०२५.९६७, ११५९.३८४, ड ९३६.५५८, १०६७.५५६. ड वरून पुढे गेलात की पुन्हा अ चे तेच हजार-हजार येतात. या सहनिर्देशकांवरून क्षेत्रफळ ११,५९३.६ चौरस मीटर निघतं.

आता थोडं वाईट बोलतो. समजा टेप १ टक्का लांब होता. चारही बाजू १ टक्क्याने कमी मोजल्या गेल्या. आकृती तशीच राहिली, फक्त लहान झाली, आणि ट्रॅव्हर्स १४,५०० त १ नेच बंद झाला. क्षेत्रफळ मात्र जवळजवळ २ टक्क्यांनी चुकलं, म्हणजे सव्वादोनशे चौरस मीटरच्या वर. बंद ट्रॅव्हर्सला स्वतःचं प्रमाण कळत नाही. सुरुवातीचं बेअरिंग चुकलं असेल तर अख्खी आकृती फिरेल आणि तरीही बंद होईल. म्हणून शक्य असेल तिथे ट्रॅव्हर्स एका माहितीच्या बिंदूवरून सुरू करून दुसऱ्या माहितीच्या बिंदूवर संपवा. तेही नसेल तर निदान एक कर्ण वेगळ्या साधनाने मोजून बघा.

टोटल स्टेशन आणि उपग्रह

टोटल स्टेशनवर आकडे पडद्यावर येतात म्हणून ते खरे वाटतात. त्या आकड्यांमागे तुम्ही स्वतः भरलेल्या चार गोष्टी असतात: स्टेशनचे सहनिर्देशक, इन्स्ट्रुमेंटची उंची (इथे खुंटीपासूनची), प्रिझमची (समोरच्या काठीवरच्या परावर्तकाची) उंची आणि प्रिझम कॉन्स्टंट, म्हणजे त्या प्रिझमची ठरलेली अंतराची दुरुस्ती. काही प्रिझमचा कॉन्स्टंट शून्य असतो, काहींचा उणे ३० मिलिमीटर. चुकीचा निवडला की प्रत्येक अंतरात ३० मिलिमीटर सारखाच फरक, अंतर १० मीटर असो की ५००. तापमान आणि हवेचा दाबही भरावा लागतो, पण तापमानात एका अंशाची चूक म्हणजे दहा लाखांत सुमारे १ भाग, किलोमीटरमागे १ मिलिमीटर. कॉन्स्टंटपुढे ते किरकोळ.

क्रम असा ठेवा. स्टेशन भरा, बॅकसाइटच्या बिंदूवर रोखून दिशा बांधा, आणि मग त्याच बॅकसाइटचं अंतर मोजून सहनिर्देशकांवरून काढलेल्या अंतराशी ताडा. तिसरा एखादा माहितीचा बिंदू असेल तर तोही मोजा. दर तासाला आणि काम संपताना बॅकसाइट पुन्हा बघा. ट्रायपॉडला कुणाचा तरी पाय लागलेला असतो आणि तो माणूस सांगत नाही. मध्येच प्रिझमची काठी उंच केली तर त्याच क्षणी नवी उंची भरा, ‘नंतर बदलू’ म्हणून नाही.

आरटीके पद्धतीचा (दुसऱ्या स्थिर रिसीव्हरकडून जागीच दुरुस्ती घेणारा) उपग्रह रिसीव्हर उघड्यावर एक-दोन सेंटिमीटरची अचूकता देतो. उंच इमारतीजवळ किंवा झाडाखाली परावर्तित लहरी पकडून तो आत्मविश्वासाने चुकीचा आकडा दाखवू शकतो. तो देतो ती उंची एलिप्सॉइडवरची (पृथ्वीच्या गणिती आकारावरची), समुद्रसपाटीपासूनची नव्हे. जिऑइडचं (सरासरी समुद्रसपाटीच्या पृष्ठभागाचं) मॉडेल लावल्याशिवाय ती लेव्हलच्या पातळीशी जुळवायला जाऊ नका. आणि दिवसातून दोनदा, सकाळी आणि काही तासांनी, एकाच बिंदूवर रिसीव्हर ठेवून बघा. उपग्रहांची मांडणी बदललेली असते, त्यामुळे ती खरी स्वतंत्र तपासणी ठरते.

कंटूर

कंटूर म्हणजे सारख्या पातळीचे बिंदू जोडणारी रेषा. त्यासाठी जागेवर दर ५ किंवा १० मीटरला चौकटी आखून पातळ्या घेणं सोपं. पण जमीन तुमच्या चौकटींप्रमाणे वळत नाही. बांधाचा माथा, चराचा तळ, उताराचा मोड, हे सगळं दोन रीडिंगांच्या मध्ये लपतं. म्हणून चौकटीशिवाय उतार जिथे बदलतो तिथे जास्तीचे बिंदू घ्याच. सॉफ्टवेअर तीन-तीन बिंदू जोडून त्रिकोण बनवतं आणि त्यावर देखणे कंटूर काढतं. चराच्या दोन्ही काठांवरचे बिंदू घेतलेत आणि तळाचे राहिले, तर नकाशात चरच नसतो. छापलेला कागद घेऊन जागेवर परत फिरा. दरीत कंटूरचं टोक चढाच्या बाजूला असायला हवं, सोंडेवर उताराच्या बाजूला. दोन वेगळ्या पातळ्यांच्या रेषा एकमेकींना छेदत असतील तर तिथे बाहेर झुकलेला कडा हवा, नसेल तर पातळी चुकली आहे.

जुळलं नाही तर

हे जागेवरच करायचं. ट्रायपॉड उचलण्याआधी बॅकसाइट-फोरसाइटच्या बेरजा आणि कोनांची बेरीज काढा.

लेव्हलिंगमध्ये फरक नेमका १.००० किंवा ०.१०० आला, तर स्टाफवरचा मीटर किंवा डेसिमीटरचा आकडा चुकीचा वाचलाय, त्यातल्या त्यात झाडाझुडपातून अर्धवट दिसलेल्या रीडिंगवर संशय घ्या. मिलिमीटरमधल्या फरकाला ९ ने नि:शेष भाग जात असेल तर लिहिताना दोन अंक उलटे झाले असण्याची शक्यता मोठी: १.४५२ चं १.५४२ झालं की ९० मिलिमीटर. तिन्ही तारा लिहिल्या असतील तर कुठलं रीडिंग ते पाच मिनिटांत सापडतं. लिहिल्या नसतील तर पूर्ण फेरी पुन्हा.

ट्रॅव्हर्सचे कोन जुळले पण आकृती मोठ्या फरकाने उघडी राहिली, तर चूक एखाद्या बाजूच्या लांबीत आहे. क्लोजिंग एररची दिशा काढा आणि तिला समांतर बाजू शोधा. वरच्याच उदाहरणात कड १२८.१६ ऐवजी १२३.१६ लिहिली असती, तर बेरजा +३.४८० आणि +३.६११ आल्या असत्या. त्यांची दिशा साधारण ४६°०३′, लांबी ५.०२ मीटर. कड ची रेषा ४५°४६′ ची. आधी तीच बाजू मोजायला जा, बाकीच्या तीन नको.

कोनांचीच बेरीज अंशाने चुकली, तर दुरुस्ती न करता तसाच ट्रॅव्हर्स कागदावर काढा. सुरुवातीचा अ आणि शेवटी आलेला अ यांना जोडणाऱ्या रेषेचा लंबदुभाजक ज्या स्टेशनजवळून जाईल, तिथला कोन आधी पुन्हा घ्या. एकाच कोनात घोळ असेल तर ही युक्ती काम करते. दोन ठिकाणी असेल तर तो दुभाजक भलत्याच जागी जातो, आणि मग चारही खुंट्यांवर पुन्हा ट्रायपॉड लावण्यावाचून गत्यंतर नाही.